क्विन्टेनची लोकसंख्या: पन्नासच्या आत की तीन हजार?

तापीकाठ, शहादा
नमस्कार. स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन प्रांतात, वालेन सरोवराच्या उत्तर काठावर क्विन्टेन नावाचे गाव आहे. तेथे मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. होडीने जावे लागते किंवा डोंगरातील पायवाटेने. या गावाची लोकसंख्या एका ठिकाणी पन्नासच्याही आत, तर दुसऱ्या ठिकाणी तीन हजारांच्या जवळपास दिलेली आढळली. कोणता आकडा ग्राह्य धरावा? शिवाय आल्प्सच्या प्रदेशात असूनही तेथे द्राक्षे आणि अंजीर पिकतात, हे कसे? नववीच्या वर्गासाठी टिपण तयार करीत आहे.

गिरणाकाठ, चाळीसगाव
दोन्ही आकडे बरोबर आहेत. मात्र ते एकाच गोष्टीचे नाहीत. क्विन्टेनला स्वतःचा स्वतंत्र स्थानिक कारभार नाही. ते क्वार्टेन या नगरपालिकेत मोडते आणि तिची मुर्ग, उन्टरटेर्त्सेन, मोल्स ही इतर गावे सरोवराच्या पलीकडे, दक्षिण काठावर आहेत. तीन हजारांचा आकडा या सर्वांचा मिळून आहे. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीत अनेक गावे असली तरी जनगणनेत प्रत्येक महसुली गाव वेगळे छापले जाते. तिकडील राष्ट्रीय आकडेवारी मुख्यतः नगरपालिकानिहाय प्रसिद्ध होत असल्याने लहान वस्ती त्यात दिसेनाशी होते. १८५० पासून २००० पर्यंत तेथे साधारण दर दहा वर्षांनी घरोघरी गणना होत असे. २०१० पासून रहिवाशांच्या नोंदवहीवरून दरवर्षी आकडे काढले जातात. टिपणात ‘गाव’ आणि ‘नगरपालिका’ असे दोन रकाने ठेवावेत, हे उत्तम.

सातपुडा, धुळे
पिकांविषयी लिहितो. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४१९ मीटर आहे आणि गावामागे खुरफिर्स्टेनची डोंगररांग उभी आहे, जिचे सर्वोच्च शिखर २,३०६ मीटर उंचीचे आहे. म्हणजे काठापासून जवळजवळ १,९०० मीटरची चढण, आणि तीही थोड्याच अंतरात. उत्तर काठाने रस्ता का झाला नाही, याचेही उत्तर यातच आहे. झुरिकहून खूरकडे जाणारा लोहमार्ग आणि महामार्ग दोन्ही दक्षिण काठाने जातात. ही भिंत उत्तरेचे गार वारे अडवते, गावाचा उतार दक्षिणाभिमुख असल्याने ऊन थेट पडते आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल असलेले सरोवर उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हिवाळ्यात हळूहळू सोडते. वैशाखात दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत कशी धगधगत राहते, हे खानदेशातील माणसाला वेगळे सांगायला नको. डोंगर ओलांडून खाली उतरणारा ‘फोन’ हा उबदार कोरडा वाराही त्या खोऱ्यांत वाहतो.

नर्मदाकाठ, अक्कलकुवा
टिपणात आणखी एक बाब यावी, असे मला वाटते. लिंथ नदीच्या गाळाने वालेन सरोवरातून पाणी बाहेर पडण्याचे तोंड बुजत चालले होते, त्यामुळे पाणी चढून वेसेन आणि वालेनश्टाट ही काठावरची गावे बुडत आणि दलदलीतून हिवताप पसरत असे. हान्स कोनराड एशर यांच्या नेतृत्वाखाली १८०७ मध्ये काम सुरू झाले आणि १८११ मध्ये नदी कालव्याने थेट सरोवरात वळवण्यात आली, म्हणजे गाळ तेथेच खोल पाण्यात बसू लागला. पुढे निचऱ्याचा कालवाही झाल्यावर पातळी सुमारे पाच मीटरने उतरली.

होडीने जाण्याची गावे म्हणून मुलांना आपल्या नर्मदाकाठची मणिबेलीही दाखवावी. तेथे १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाचे पाणी शिरले. महाराष्ट्रातील ३३ गावे या प्रकल्पाने बाधित झाली. क्विन्टेनला जमीन आणि बाजार दोन्ही टिकले, समोरच्या काठावर रेल्वे आहे. म्हणून केवळ होडीपुरते साम्य दाखवून थांबू नये, एवढीच विनंती.

तापीकाठ, शहादा
आपणा सर्वांचे आभार. दोन रकाने ठेवतो आणि मणिबेलीचा भाग स्वतंत्र परिच्छेदात घेतो. लिंथच्या कालव्याचा मराठीत नावे घातलेला नकाशा कोणाकडे असल्यास कृपया येथे द्यावा.