मायक्रोवेव्हमधले वेफर्स : आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

बी-५०३ : नमस्कार. कोणी मायक्रोवेव्हमध्ये बटाट्याचे वेफर्स करतं का? सासऱ्यांची बायपास झाल्यापासून घरात तळण बंद आहे आणि वेफर्स म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आज दोन घाणे केले. पहिला चिवट झाला. दुसऱ्यात काही चकत्या काळ्या आणि शेजारच्याच ओल्या. घरभर करपल्याचा वास. काय चुकतंय कळत नाही.

सी-१०१ : आम्ही पुण्यात कॅम्पात गेलो की बुधानींच्या दुकानातले आणतो, पण तळलेलं नकोच म्हटल्यावर ते बादच.

ए-२०४ काकू : अगं, बटाटे फ्रिजमध्ये होते का?

बी-५०३ : हो काकू. कोंब येऊ नयेत म्हणून आठवडाभर खालच्या ट्रेमध्ये ठेवले होते.

ए-२०४ काकू : मग अर्धं उत्तर तिथंच आहे. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. ती साखर पटकन करपते, म्हणून आत ओलं असतानाच चकती काळी पडते. वेफर्सचे बटाटे बाहेर, अंधारात, टोपलीत ठेवायचे. आणि अगदी नवा, पातळ सालीचा बटाटा घेऊ नकोस, त्यात पाणी फार. माझ्या सासूबाई वाळवणासाठी तळेगाव बटाट्याशिवाय दुसरा घेतच नसत.

ई-४०१ : काकू, आमच्या मंचरकडे सातगाव पठारावर बटाटा पावसाळ्यात होतो. हंगाम असला की गावाकडून येताना आणतो, कोणाला हवा असेल तर सांगा. वेफर्ससाठी म्हणून चिप्सोना नावाची जातच आहे, सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेली. त्यात साखर कमी आणि गर घट्ट.

बी-५०३ : पण मंडईत उभं राहून घट्ट गराचा कुठला ते ओळखायचं कसं?

ए-२०४ काकू : घरी आणल्यावर ओळखता येतं. ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळव आणि बटाटे सोड. बुडतील ते वेफर्सला, तरंगतील ते भाजीला.

सी-३०२ : आज टँकर किती वाजता येणार आहे?

अध्यक्ष : ५ वाजता. कृपया पाण्याचं दुसऱ्या ग्रुपवर विचारा.

ए-२०४ काकू : आता कृती सांगते, नीट वाच. गेली तीन वर्षं मी असेच करते आहे. आपल्या गच्चीवर सोलर बसल्यापासून वाळवणाला जागा उरली नाही, त्याची हळहळ मला अजून वाटते. पत्र्याच्या बाजूला दोन खाटांएवढी जागा होती, तिथं सकाळी साडेसातला ऊन यायचं. असो.
बटाटा सोलून वेफर्सच्या किसणीवर किसायचा. चकती अशी हवी की बोटावर ठेवली तर खालचं बोट अंधुक दिसावं. सगळ्या एकसारख्या. जाड-बारीक झाल्या की बारीक करपते आणि जाड ओली राहते, तुझ्या दुसऱ्या घाण्यात तेच झालं असणार. मग परातीत पाणी घेऊन धुवायच्या. पहिलं पाणी दुधासारखं येतं, ते स्टार्च. पाणी नितळ होईपर्यंत तीन-चार वेळा बदल आणि शेवटच्या पाण्यात अर्धा तास राहू दे. मग सुती पंचावर पसरून वरून दुसरा पंचा दाबायचा. इथं कंटाळा करू नकोस. चकती हाताला ओली लागली तर ती आधी शिजते, आणि शिजली की चिवट होते.

डी-६०२ काका : काकूंचं बरोबर आहे. मायक्रोवेव्ह मुख्यतः पाणी तापवतो. बटाट्यात जवळजवळ ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे सुरुवातीला नुसती वाफ निघत राहते आणि चकतीला काही होत नाही. पाणी संपत आलं की मात्र काही सेकंदांत करपते. म्हणून वर झाकण ठेवायचं नाही, वाफ कोंडते. आणि ताटलीचा मधला भाग मोकळा ठेवून चकत्या कडेनं गोलात मांडा. ताटली फिरत असली तरी मधला भाग जागच्या जागीच राहतो, तिथं कमी-जास्त तापतं.

बी-५०३ : काका, मी ताटलीवर वर्तमानपत्र घातलं होतं, तेलकट होऊ नये म्हणून.

डी-६०२ काका : ते अजिबात नको. शाई अन्नाला लागते, आणि सुकलेला कागद आत पेट घेऊ शकतो. काचेच्या ताटलीला तेलाचा हात लावा, तेवढं पुरे. स्टीलची ताटली नको.

ए-२०४ काकू : वेळ सांगते. माझा ८०० वॅटचा आहे. ३ मिनिटं पूर्ण पॉवरवर, मग उलटायच्या. चिमट्याने उलट, ताटली चटका देते. मग पॉवर निम्मी करून दीड-दोन मिनिटं, आणि त्यानंतर २०-२० सेकंद. या शेवटच्या टप्प्यात दारापाशी उभी राहा, फोनसुद्धा घेऊ नकोस. कडेला फिकट सोनेरी रंग आला की लगेच काढ, मधे थोडी मऊ वाटली तरी. बाहेर गार होताना ती कडक होते. आत कडक होईपर्यंत थांबलीस की करपलीच समज.

ए-७०१ डॉक्टर ताई : यात माझी भर. तपकिरी झालेल्या चकत्या आजोबांना देऊ नका. २००२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांना दिसलं की बटाट्यासारखे स्टार्चचे पदार्थ खूप तापवले की त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. काकू अर्धा तास पाण्यात ठेवायला सांगतात त्याचा इथंही उपयोग होतो. हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा तर घेऊच नका. तळलेल्या वेफर्सच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा तेलच असतं, तेवढं तुम्ही वाचवलंत. पण मीठ जपून. सैंधव चालतं असं अनेकांना वाटतं, तेही सोडियमच आहे. जिरेपूड आणि मिरपूड वापरा, आमचूर चिमूटभर.

ए-२०४ काकू : आणि मीठ घालायचंच तर शेवटी, गरम असताना, वरून. आधी घातलं की चकतीला पाणी सुटतं.

ई-२०३ : एका बटाट्याचे किती होतात?

ए-२०४ काकू : ताटलीत १४-१५ मावतात. मध्यम बटाट्याला तीन घाणे लागतात. लग्नघरासाठी ही रीत नाही, एका माणसाच्या वाटीसाठी आहे. दुसऱ्या घाण्याला ताटली आधीच तापलेली असते, तेव्हा अर्धा मिनिट कमी धर.

बी-५०३ : काकू, टोपलीतले दोन बटाटे होते त्यांचा एक घाणा करून पाहिला. १४ पैकी ११ छान झाले, ३ कडेला जरा गडद, ते बाजूला काढले. मीठ घातलं नाही, जिरेपूड घातली. सासरे बाहेर बसून खातायत, आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतोय. जाड-बारीक मात्र होतंय, माझी किसणी बोथट झाली आहे.

ए-२०४ काकू : माझी घेऊन जा. साडेसहाला मी घरी आहे, आणि मागच्या बाजूचं पातं फार धारदार आहे, मुलांच्या हाती देऊ नकोस.