मदत हवी आहे: एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक कोअरला वेगळं लॉक दिलं आणि कर्नल गोठला

नमस्कार मंडळी,

दिवसा गोरेगावला जावाची हमाली, रात्री घरी एमआयटीच्या एक्सव्ही६ शी (शिकवण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम; कर्नल म्हणजे तिचा गाभा) झटापट. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठीची आवृत्ती क्यूएमूवर (अख्ख्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) ३ कोअर देऊन चालवतोय.

मूळ कोडमध्ये मेमरीच्या मोकळ्या पानांची (प्रत्येकी ४०९६ बाइट) एकच यादी आणि तिच्यावर एकच स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोअर जागीच गरगरत राहतो असं कुलूप; ते घेणं म्हणजे अ‍ॅक्वायर, सोडणं म्हणजे रिलीज). अ‍ॅक्वायरमध्ये कोअर किती वेळा नुसता गरगरतो हे मोजायला काउंटर टाकला आणि आकडा बघून हबकलो. मग प्रत्येक कोअरला स्वतःची यादी, स्वतःचं लॉक. गरगरणं जवळपास थांबलं. दोन दिवस हवेत होतो.

घोळ उसनवारीत आहे. स्वतःची यादी रिकामी असेल तर दुसऱ्या कोअरकडून एक पान घ्यायचं:

अ‍ॅक्वायर(माझं) → यादी रिकामी → अ‍ॅक्वायर(त्याचं) → पान काढ → दोन्ही रिलीज

यूजरटेस्ट्समध्ये (एक्सव्ही६ सोबत येणाऱ्या चाचण्या) मेमरी संपवणारी चाचणी आली की सगळं ठप्प. पॅनिक नाही, मेसेज नाही, लॅपटॉपचा पंखा तेवढा बोंबलतो. १ कोअर दिला तर व्यवस्थित चालतं. तपासायला प्रिंटएफ (पडद्यावर मजकूर छापणारं फंक्शन) टाकलं की हँग गायब! सीपीयूआयडीच्या (चालू कोअरचा क्रमांक देणारं फंक्शन) आधी पुश_ऑफ करून इंटरप्ट (हातातलं काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद केलेत, म्हणजे ती चूक नसावी. कुठे पाहू?

प्रतिसाद १
प्रिंटएफ काढा, त्याचंही लॉक असतं, वेळेचं गणित बदलतं. हँग झाल्यावर जीडीबी हा डीबगर जोडा. क्यूएमू प्रत्येक कोअर थ्रेड म्हणून दाखवतो. सगळ्यांचा बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे आले ती साखळी) इथे टाका.

धागाकर्ता
कोअर ० आणि १ दोन्ही अ‍ॅक्वायरमध्ये, दोन्ही केअ‍ॅलॉकमधून आलेले. ० ला १ चं लॉक हवंय, १ ला ० चं. अरे देवा.

प्रतिसाद २
एका हाताने स्वतःचं दार धरून शेजाऱ्याची कडी वाजवताय, आणि तोही तेच करतोय. इंटरप्ट बंद, त्यामुळे हलणार कोणीच नाही. लिनक्समध्ये लॉकडेप नावाचं तपासणीचं साधन असा लॉक घेण्याचा उलटसुलट क्रम पकडून देतं, इथे आपले डोळेच.

यादी रिकामी दिसली की आधी स्वतःचं लॉक सोडा, मगच दुसऱ्याचं घ्या. पुश_ऑफ मात्र शेवटपर्यंत राहू द्या. एकच पान आणलंत तर ते थेट परत करा, स्वतःच्या लॉकची पुन्हा गरजच नाही. गठ्ठ्याने आणलंत तर फेऱ्या वाचतात, पण गठ्ठा हातात असताना तो कुठल्याच यादीत नसतो. नेमकं तेव्हा तिसऱ्या कोअरने सगळ्या याद्या चाळल्या तर 'मेमरी संपली' असं खोटंच उत्तर जाईल. मी आधी एकाचंच करेन.

दोन रात्री गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. लिनक्सने १९९६ साली २.० मध्ये अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक घातलं, ते पुरतं निघायला २.६.३९ म्हणजे २०११ उजाडलं.

धागाकर्ता
एकाच पानाची उसनवारी ठेवली. यूजरटेस्ट्स तीनदा चालवले, तिन्ही वेळा पास. दोघांचेही आभार, वडापाव लागू!

आता बफर कॅश (डिस्कवरच्या ब्लॉकच्या प्रती मेमरीत ठेवणारा भाग). तिथे ३० बफर सगळ्या कोअरचे सामाईक, त्यामुळे कोअरनिहाय वाटणी चालणार नाही. ब्लॉक क्रमांकावरून हॅश करून बफर गटांत (बकेट) वाटायचे आणि प्रत्येक बकेटला लॉक द्यायचा विचार आहे. पण बफर एका बकेटमधून दुसऱ्यात हलवताना परत दोन लॉक आलीच की. लहान क्रमांकाच्या बकेटचं आधी, एवढा नियम पुरेल का?