लहान लाकडी रेकॉर्डरचा कर्कशपणा आणि लाकूड

लहान लाकडी रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखे टोकातून फुंकायचे वाद्य, वरच्या सप्तकात किंचाळतो आणि त्याला निकृष्ट लाकूड कारणीभूत असते, असे म्हटले जाते. त्यातल्या पहिल्या भागाशी मी सहमत आहे, दुसऱ्याशी नाही. रेकॉर्डरमध्ये नाद निर्माण होतो तो आतल्या हवेच्या कंपनातून, त्यामुळे लाकूड मेपलचे की बॉक्सवुडचे यापेक्षा फुंक जाण्याच्या अरुंद मार्गाची उंची, खिडकीच्या (मुखाजवळच्या चौकोनी छिद्राच्या) धारेची सफाई आणि पोकळीचा आकार यांवर आवाज कितीतरी अधिक अवलंबून असतो.

वाजवणाऱ्याचा वाटाही मोठा आहे. वरच्या स्वरांसाठी मागच्या छिद्रावरचा अंगठा किंचित वाकवून नखाच्या कडेला अगदी बारीक फट ठेवावी लागते; ती मोठी झाली की स्वर फाटतो, आणि तो सावरायला जोरात फुंकले की सूर चढतो. म्हणूनच या वाद्यात भाव फुंकीच्या जोरापेक्षा जिभेने, ‘तु’ आणि ‘दु’ यांच्या आघातांतून आणि दोन स्वरांमधली जागा कमीजास्त करून दाखवावा लागतो. सोप्रानिनोवर, म्हणजे उंच स्वराच्या छोट्या रेकॉर्डरवर, तर हे फारच लोभस वाटते. इटालियन संगीतकार विवाल्दीच्या आरव्ही ४४३ (त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) या कन्चेर्तोचा, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, संथ मधला भाग त्यासाठी अवश्य ऐकावा.

लाकडाचा खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. श्वासाच्या दमटपणाने मुखाकडचा, फुंकीच्या मार्गाखालचा लाकडी ठोकळा फुगतो, तो मार्ग अरुंद होतो आणि आवाज घुसमटतो, म्हणून नवे वाद्य सुरुवातीला रोज थोडाच वेळ वाजवावे, वाजवण्यापूर्वी त्याचा वरचा भाग हातात धरून कोमट करावा आणि नंतर आतून नीट पुसून उघड्यावर सुकू द्यावे.