वाचलेलं डोक्यात टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात बॅकएंड डेव्हलपर आहे. रोज सकाळी तासभर डेटाबेसवर वाचतो. परवा टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, डेटा साठवायच्या दोन रचनांपैकी एलएसएम-ट्रीमध्ये बी-ट्रीपेक्षा डेटा लिहिणं वेगवान का? महिन्यापूर्वीच वाचलेलं, तरी धड सांगता आलं नाही. फार लागलं मनाला.

उजळणी नसेल तर विसरणं सुरुवातीलाच झपाट्याने होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलंय. म्हणून आंकी या उजळणीच्या ॲपमध्ये प्रश्नोत्तरांची कार्डं केली. व्याख्या पाठ झाल्या, समज नाही आली. छोटा की-व्हॅल्यू स्टोअर (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या साठवणारा साधा डेटाबेस) स्वतः लिहिला तेव्हा मात्र कॉम्पॅक्शन, म्हणजे एलएसएम-ट्रीतल्या फायली एकत्र करून जुना डेटा काढणं, डोक्यात पक्कं बसलं. पण प्रत्येक प्रकरणाला एवढा वेळ कुठून आणू? घरी लहान मूल आहे.

नोकरी सांभाळून वाचणाऱ्यांनो, टिपणं कशी काढता? आणि काय हाताने करून बघायचं, काय नुसतं वाचून सोडायचं, हे कसं ठरवता?