केमो चालू असताना प्रोबायोटिक द्यावं का?

सातारी_कंदी: बाबांचं (६१) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमोची तिसरी सायकल चालू आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे गार भांड्याला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात, म्हणून आई प्यायचं पाणीसुद्धा कोमट करून देते. मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, 'चांगले जिवाणू कॅन्सर खातात', सोबत अठराशे रुपयांच्या प्रोबायोटिक (म्हणजे जिवंत जिवाणूंच्या) कॅप्सूलची लिंक. काही तथ्य आहे का? मामांना नाही म्हणणं सोपं नाही हो.

खरवस: कॅप्सूल कशाला, घरचं ताक द्या की!

लॅबवाली_वंदना: पंचवीस वर्षं लॅबमध्ये कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) लावतेय, आणि चार वर्षांपूर्वी माझंही आतडं फूटभर कापलंय.

मामांचं अगदीच खोटं नाही, पण उलटं आहे. २०१२ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू भरपूर सापडला. हा मूळचा तोंडातला, हिरड्यांशी राहणारा. २०१७ मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठींतही दिसला. माणसाची गाठ उंदरांत वाढवून त्यांना मेट्रोनिडॅझोल दिलं (हो, आपलं जुलाबावरचंच), तर वाढ मंदावली. म्हणजे इथे जिवाणू मारण्यात फायदा दिसला, आणि तोही उंदरांत.

जिवाणूच औषध म्हणून वापरायचे प्रयोगही चालू आहेत. पहिल्या महायुद्धात एका जर्मन सैनिकाच्या पोटातून १९१७ साली मिळालेला 'ई. कोलाय निसल' हा प्रोबायोटिक जिवाणू घेतात, त्याची जनुकं बदलतात आणि गाठीपर्यंत औषध पोचवायला त्याला हमाल करतात. गंमत बघा, डीएनएला इजा करणारं कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवायची जनुकं याच निसलकडे आहेत! आणि त्या विषाच्या खुणा आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये सापडल्यात. कॅप्सूलच्या जाहिरातीत हे येत नाही.

केमोत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा कॅप्सूलमधले जिवंत जिवाणू क्वचित रक्तात उतरतात. एका पेशंटच्या ब्लड कल्चरमध्ये लॅक्टोबॅसिलस (दही-ताकात आणि अशा कॅप्सूलमध्ये असतो तो जिवाणू) आलेला मी पाहिलाय, प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके. आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

तेव्हा पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. खरवस, ताकाचंही तेच. माझे काउंट उतरले तेव्हा मला विरजण बंद होतं, आणि मी कोकणातली, सोलकढीवर भागवलं.

सातारी_कंदी: धन्यवाद ताई. सोमवारी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आहे, तेव्हा पाकीट नेतो. मामांना तुमचं उत्तर पाठवलंय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.