पहिल्या प्रेमकथेत काय चुकलं, आणि ते कुणी दाखवलं?

जळगावहून, धागा काढणारी

माळा आवरताना माझी पहिली प्रेमकथा सापडली. १९९८ सालची, फुलस्केप कागदावर लिहिलेली, वर 'साभार परत'ची चिठ्ठी टाचणीनं लावलेली. टाचणीचा गंज पहिल्या तीन पानांत उतरलाय. कथेत नायक मरीन ड्राइव्हवर भर पावसात नायिकेची वाट बघतो. तेव्हा मी मनमाडच्या पुढे गेले नव्हते आणि समुद्र फक्त सिनेमात पाहिला होता. मोठी बहीण मुंबईला एकदा जाऊन आलेली. तिनं वाचून एवढंच विचारलं, "इतका भिजला तर खिशातलं पत्र कोरडं कसं निघालं गं?"

संपादकांनी मला कधी कारण कळवलं नाही. कारणं सांगितली ती घरच्यांनीच. म्हणून खानदेशातल्या लिहित्या मंडळींना विचारतेय: पहिल्यांदा प्रेमकथा लिहिली तेव्हा काय चुकलं, आणि कुणी पकडलं?

चोपड्याहून

माझी चूक हसण्यासारखी आहे, आधीच सांगून मोकळा होतो. नायक-नायिका जुलै महिन्यात कपाशीत लपतात आणि तिचा भाऊ बांधावरून शोधत निघून जातो. मी शेतकऱ्याचाच पोरगा, पण वसतिगृहात वाढलेला. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या मावशीला कथा वाचून दाखवली, तर ती तोंडाला पदर लावून हसतच सुटली. जूनमध्ये लावलेली कपाशी जुलैत गुडघ्याला लागते. तिच्यात ससा लपेल, दोन माणसं कशी लपतील?

मग तिनंच जागा सुचवली: केळीत लपव. दाट बागेत भर दुपारीही सावली असते, बांधावरून आतलं काही दिसत नाही. पण लगेच बजावलं की केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, घरी गेल्यावर आईला कळणारच. मी भावाचा सगळा पाठलाग काढून टाकला आणि गोष्ट त्या डागावर आणली. पंधरा पानांची पाच झाली.

धुळ्याहून, बँकेत नोकरी

शिरपूरजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माझा नायक म्हणतो, "माझे तुझ्यावर निरतिशय प्रेम आहे." हाताला ग्रीस, तोंडात निबंध. बायकोनं ते वाक्य जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. त्यानंतर आठवडाभर मी वही उघडली नाही.

मग गेलो दुसऱ्या टोकाला. निवेदनासकट सगळी कथा अहिराणीत लिहिली. एका दिवाळी अंकानं तळटीपा मागितल्या, मी बसून चव्वेचाळीस दिल्या. प्रत्येक हळव्या जागी वाचकाला खाली जाऊन अर्थ बघावा लागणार! आता निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं आपापल्या बोलीत, असं करतो. "माले तुनी याद येस" हे नागपूरच्या वाचकालाही कळतं.

खरं तर हेसुद्धा कमीच बोलावं. वडील एसटीत चालक होते. मुक्कामी गाडी असली की डेपोतून फोन करून आईला दोनच शब्द विचारायचे, "जेवनी का?" फोन ठेवल्यावर आई थोडा वेळ तिथेच उभी राहायची. हे मी लहानपणापासून बघत होतो, आणि लिहायला बसल्यावर मला निरतिशय आठवलं.

आसोद्याहून

वरच्यांना एकटं वाटू नये म्हणून. बहिणाबाईंच्या माहेरच्या गावात राहून मी नायिकेच्या तोंडी "प्रियकरा" घातलं होतं. आजीनं विचारलं, "हा कोन?"

धरणगावहून

बालकवी आमच्या धरणगावचे, जन्म १८९०. त्यामुळे गावात पेन हातात धरणाऱ्या प्रत्येकाला आधी निसर्गवर्णनाची उबळ येते. माझ्या कथेत पहिली चार पानं चांदणं, पाचव्या पानावर नायिका, आणि सहाव्यावर पुन्हा चांदणं. मित्र म्हणाला, "पोरगी कुठंय?" बालकवींनी प्रेमकथा लिहायला घेतली नव्हती, हे मला उशिरा उमगलं.

त्यातून कथा मे महिन्यातली. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत, आणि माझे दोघं दुपारी तीनला हातात हात घालून नदीकाठी फिरत होते. आता वेळ बदललीय. रात्री लाइट गेल्यावर सगळी गल्ली गच्चीवर झोपायला येते आणि ते दोघं दोन गच्च्यांवर जागे असतात. चांदणं राहिलंच, पण एका ओळीत.

अमळनेरहून, निवृत्त शिक्षक

थोडं सविस्तर लिहितो, कारण ही चूक अजूनही सगळीकडे दिसते. माझा नायक रोज सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत नायिकेच्या डब्यात चढतो. ती जळगावला कॉलेजसाठी अपडाऊन करते. ती जागा बदलते, तो तिच्या मागे जातो. ती बोलत नाही, तो वर्षभर हटत नाही. शेवटी ती विरघळते. मला ही निष्ठा वाटत होती.

कथा एका माजी विद्यार्थिनीला वाचायला दिली. ती खरोखर याच गाडीनं जायची. तिनं वही परत करताना शांतपणे सांगितलं, "सर, असा एक मुलगा माझ्या मागे होता. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचं काही झालं नसतं, माझं कॉलेज बंद झालं असतं." ती तीन महिने एक गाडी आधीची धरून जात होती. मी वर्गात शिकवत होतो आणि मला याचा पत्ताही नव्हता.

कथा पुन्हा तिच्या बाजूनं लिहायला घेतली, तर प्रेमकथाच उरेना. शेवटी त्या डब्यात दुसरा एक मुलगा आणला, जो ती बसली की उठून दाराशी जातो. त्याच्याशी ती स्वतःहून बोलते, चौदाव्या पानावर. त्याआधी बोलायला लावायचा मी प्रयत्न केला होता, पण ती काही तयार झाली नाही.

शहाद्याहून

माझ्या पात्रांना आडनावंच नव्हती. नुसती पहिली नावं, गोड गोड. पळून जातात, बाप रागावतो, मग पाया पडतात, बाप माफ करतो. ग्रंथालयातल्या एका आजोबांनी विचारलं, "ह्या दोघांची आडनावं काय? त्याशिवाय बाप का रागावला ते कसं कळणार?" गावात अर्धी गोष्ट आडनावातच असते. मी आडनावं दिली. मग बाप माफ करेना. ती कथा सहा वर्षं अर्धीच आहे.

एरंडोलहून

मला गैरसमज फार आवडायचे. तिनं त्याला चुलतबहिणीसोबत बघितलं आणि चाळीस पानं अबोला. आई म्हणाली, "त्याच्याकडे फोन नाही का?"

दुसरी चूक आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. सासुरवाशीण आखाजीला माहेरी निघते आणि मी तिला नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसवून पाठवलं. सासूबाईंनी तिथंच थांबवलं. त्यांच्या वेळी न्यायला मुराळी यायचा, भाऊ किंवा भाचा, कुणीतरी माहेरचं. नवरा मागे राहायचा. "ती झोक्यावर गौराईची गाणी म्हणायची अन् हा इकडं पोळ्या जाळायचा. तेच लिही ना." लग्नानंतरचं प्रेम लिहायचं असतं हे मला त्या पोळ्यांवरून सुचलं. तोवर माझ्या सगळ्या कथा अक्षता पडल्या की संपत होत्या.

पाचोऱ्याजवळून

माझं हसण्यासारखं नाही. मी खरी मुलगी लिहिली. नाव बदललं, पण तिच्या दारातला पारिजातक, गालावरचा तीळ, वडिलांचं दुकान तसंच ठेवलं. अंक निघाला आणि आठ दिवसांत गावानं ओळखलं. तिचं लग्न झालेलं होतं. आमच्यात काही घडलंच नव्हतं. कथेत जे घडतं ते मी रचलेलं. ते कोण मानणार? तिच्या भावानं येऊन मला काही म्हटलं नाही, अंक फक्त टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून खऱ्या माणसाची एकच गोष्ट घेतो, तीही तिसऱ्याला देतो. तिची माफी मागायचं राहिलं, आणि आता मागायला जाणं म्हणजे पुन्हा तेच.

चाळीसगावहून

आमच्या गावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२ ते १९८९) रात्रीच्या गाडीनं येणार असलेल्या एका व्यक्तीची आयुष्यभर वाट बघत राहिले, असं इथं सांगतात. मी त्यावरून कथा रचली आणि माझ्या कथेत ती येते. उतरते, रडते, मिठी. वाचणारा प्रत्येक जण छान म्हणाला. फक्त स्टेशनवरच्या चहावाल्यानं विचारलं, "सामान किती होतं तिच्याकडं?" मला सांगता येईना. ती राहायला आली होती की भेटून जायला, हेच मी ठरवलं नव्हतं.

जळगावहून, धागा काढणारी

चोपडेकर, त्या चिकाच्या डागाचं शेवटी काय झालं?

चोपड्याहून

नाही गेला. आईनं काही न विचारता ती ओढणी गोधडीच्या आतल्या थरात घालून शिवून टाकली.