मदत हवी आहे: चांदीवरच्या मिठाच्या थराची जाडी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. चांदीच्या स्फटिकाच्या (१००) पृष्ठभागावर (म्हणजे जिथे अणू चौकोनी मांडणीत असतात) अतिनिर्वातात साध्या मिठाचा पातळ थर चढवून आम्ही तो एसटीएमने (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, टोकदार सुईने अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक) पाहतोय. मिठाची चौकोनी बेटं फार सुरेख येतात, कडा अगदी सरळ. प्रतिमेतल्या ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ०.४ नॅनोमीटर, म्हणजे फक्त क्लोराइड दिसतंय, सोडियम नाही. इथवर ठीक.

अडचण जाडीची आहे. व्होल्टेज बदललं की बेटाची उंचीही बदलते. मीठ विद्युतरोधक, आणि एसटीएम चालतो टनेलिंग प्रवाहावर, म्हणजे सुई आणि पृष्ठभाग यांच्यातली फट ओलांडणाऱ्या विजेवर. मग बेट दोन थरांचं की तीन, हे खात्रीने कसं ठरवायचं?

शिवाय सोडियम-क्लोराइड अंतर ०.२८२ आणि चांदीच्या शेजारच्या अणूंमधलं ०.२८९ नॅनोमीटर. एवढ्याशा फरकाने मुआरे नक्षी (दोन किंचित वेगळ्या जाळ्या एकमेकींवर आल्या की उमटणारी मोठी नक्षी) स्पष्ट दिसायला हवी का? नॉन-कॉन्टॅक्ट एएफएम (प्रवाहाऐवजी सुईवरचं बल मोजणारा सूक्ष्मदर्शक) वापरलेल्या कुणी कृपया सांगाल का?